छायाचित्राखालची ओळ

वृत्तपत्राचा छायाचित्रकार कोणाच्या बोलावण्यावरून येतो, हा इतिहासाचाच प्रश्न आहे. वसई-विरार पट्ट्यात त्याचा दिवस उद्घाटने, सत्कार, मोर्चे आणि अपघात यांत जातो. रिळाच्या काळात एका रिळात छत्तीस चित्रे. रात्री न्हाणीघर अंधारे करून फिल्म धुवायची, हायपोत पक्की करायची, वाळवायची आणि प्रिंट सकाळच्या गाडीने मुंबईला पाठवायची. वस्तीत रीळ खर्चणे परवडत नाही, असे तेव्हा सांगितले जाई. आता रीळ गेले. सबब गेली, सवय राहिली.

जुलै २०१८ च्या पुरात नालासोपाऱ्याचे रूळ बुडाले; अडकलेल्या गाड्यांची चित्रे देशभर छापली गेली. त्याच पाण्यात वसईच्या मिठागरांत शेकडो माणसे अडकली होती. त्यांचीही चित्रे निघाली, नाही असे नाही. पण अशा चित्राखालच्या ओळीत सोडवणाऱ्या पथकाचे नाव येते; होडीतल्या बाईचे सहसा येत नाही. ती 'पूरग्रस्त महिला'.

ही खोड एकट्या छायाचित्रकाराची नव्हे. १८८२ साली भगवानलाल इंद्रजींनी सोपाऱ्याचा स्तूप उकरला. आठ बुद्धमूर्ती, करंडकात करंडक, सारे नोंदले गेले. मातीच्या टोपल्या कोणी वाहिल्या, हे आपल्या अभ्यासकांना विचारावेसेही वाटले नाही.

आज त्या स्तूपापाशी बुद्धपौर्णिमेला माणसे जमतात. छायाचित्रकार येतो, पुढाऱ्याचा हार टिपतो, निघतो. त्याला थांबवून मागच्या रांगेतल्या म्हातारीचे नाव लिहून घ्यायला लावणारे कार्यकर्ते आपल्यात किती आहेत?