बोली व म्हणी, मराठीतील
प्रदेश, जाती व व्यवसाय यांनुसार बदलणारी मराठीची बोलरूपे आणि त्यांतून नित्य व्यवहारात रुळलेल्या लोकोक्ती. ‘दर बारा कोसांवर भाषा बदलते’ ही म्हण म्हणजे या भेदांची लोकांनीच करून ठेवलेली नोंद होय. हेल, उच्चार, प्रत्यय व शब्दसंग्रह या सर्व अंगांनी हे भेद आढळतात. प्रमाण मराठीतील ‘डोळा’ हा शब्द वऱ्हाडीत ‘डोया’, तर उत्तर कोकणातील आगरी-कोळी बोलींत ‘डोला’ असा उच्चारला जातो. ‘मला’ याऐवजी वऱ्हाडीत ‘मले’, अहिराणीत ‘माले’, तर मालवणीत ‘माका’ हे रूप येते. असे बदल त्या त्या बोलीत नियमाने होतात. ते अज्ञानाचे द्योतक नव्हेत.

एकोणिसाव्या शतकात छपाई, शालेय शिक्षण, कोश व व्याकरणे यांमुळे पुण्याकडील शिष्टवर्गाच्या बोलीस प्रमाणत्व आले. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश (१८३१, दुसरी आवृत्ती १८५७) आणि दादोबा पांडुरंग यांचे व्याकरण (१८३६) हे या प्रक्रियेतील महत्त्वाचे टप्पे होत. शिक्षण व राज्यकारभार यांना त्यामुळे एक समान भाषा लाभली; परंतु तिच्याहून निराळे बोलणे ‘गावंढळ’ ठरू लागले.

पुढील संग्रहांवरही या दृष्टीची छाया पडली. ए. मॅन्वेअरिंग यांचा मराठी म्हणींचा इंग्रजी भाषांतरासह संग्रह १८९९ मध्ये ऑक्सफर्ड येथे प्रसिद्ध झाला. य. रा. दाते व चिं. ग. कर्वे यांनी महाराष्ट्र शब्दकोशानंतर महाराष्ट्र वाक्संप्रदाय कोश (२ भाग, १९४२ व १९४७) सिद्ध केला. अशा ग्रंथांमुळे म्हणींचा मोठा साठा सुरक्षित झाला. तथापि बहुतेक म्हणी प्रमाण रूपातच छापल्या गेल्याने अर्थ राहिला व बोल हरपला. उदा., ‘आई जेवू घालीना, बाप भीक मागू देईना’ ही म्हण मालवणीत ‘आवस जेवक घालीना, बापूस भीक मागाक देईना’ अशी आहे. आशय एकच, पण ‘आवस’, ‘बापूस’ हे नातेवाचक शब्द व क्रियापदाचा ‘क’ प्रत्यय दुसऱ्या रूपातच आढळतात.

जॉर्ज ग्रीअर्सन यांच्या भारतीय भाषा-सर्वेक्षणाचा मराठीविषयक सातवा खंड १९०५ मध्ये निघाला. बायबलमधील उधळ्या पुत्राची कथा निरनिराळ्या बोलींत उतरवून घेतल्याने व्याकरणाची तुलना सुलभ झाली. मात्र भाषांतरित कथेत म्हणी व हेल यांना फारसा वाव नव्हता. त्या खंडात मराठीत अंतर्भूत केलेल्या कोंकणीस १९९२ मध्ये संविधानाच्या आठव्या अनुसूचीत स्वतंत्र भाषा म्हणून स्थान मिळाले. १९६० नंतर अ. मा. घाटगे यांनी कुडाळी, वारली इ. बोलींचे ध्वनिलेखनासह वर्णन करून ही उणीव काही अंशी भरून काढली. बहिणाबाई चौधरी यांच्या कवितांचा संग्रह १९५२ मध्ये निघाला, तेव्हा खानदेशी बोलीचे सामर्थ्य वाचकांस प्रत्ययास आले.

डेक्कन कॉलेज व राज्य मराठी विकास संस्था यांनी २०१७ नंतर केलेल्या सर्वेक्षणात बोलणाऱ्यांचे आवाजच ध्वनिमुद्रित केले आहेत. हे काम निकडीचे आहे. ‘पडतील स्वाती, तर पिकतील माणिकमोती’ यासारखी म्हण पुस्तकात राहील. परंतु नक्षत्रांवरून पेरणीचा अंदाज बांधणारी पिढी सरल्यावर ती कोणत्या प्रसंगी व कोणत्या हेलात म्हटली जाई, हे केवळ छापील पानावरून कळणार नाही.