पाटीवरची सुकडी



शाळेतल्या पोरांनी सकस खावं, पाकिटातलं तळकट खाऊ नये, रोज तासभर पळावं-खेळावं, असं हल्ली सगळेच सांगतात. शाळेच्या भिंतींवर तक्ते रंगवलेत. एका बाजूला गाजर, केळं, दुधाचा पेला. दुसऱ्या बाजूला दोरीवरच्या उड्या मारणारी पोरगी. चांगलंच आहे. मला त्यात खोट काढायची नाही. पण तो तक्ता बघितला की माझ्या डोळ्यांपुढं माझी पाटी येते.

१९७३ साल. बहात्तरच्या दुष्काळाचं दुसरं वरीस. मी तिसरीत. आय-बाप दुष्काळी कामावर खडी फोडायला. घरात मिलोच्या लाल ज्वारीची भाकर, ती पण एक वेळ. शाळेत सुकडी यायची. गुरुजी पोत्यातून मापानं काढायचे. गावातल्या पोरांना हातात, रुमालात, टोपीत. आमच्या वाड्यातली पाच पोरं शेवटी उभी. आम्हाला म्हणायचे, पाटी धरा. वीतभर उंचीवरून सुकडी पाटीवर पडायची. पाटीवर सकाळची गणितं असायची. ती सदऱ्याच्या बाहीनं पुसायची अन् त्यावरच खायचं. वारं सुटलं की अर्धी उडून जायची. पेन्सिलीची भुकटी अन् सुकडी यांची चव अजून माझ्या तोंडात एकत्रच आहे. तरी खरं सांगतो, ती सुकडी नसती तर मी चौथीत गेलोच नसतो. ज्यानं वरून टाकली त्याचा राग येतो अन् पोटात गेली त्याची आठवण पण येते. दोन्ही एकाच डोक्यात राहतं.

शेवटचा तास कवायतीचा. आम्हाला त्या तासाला काम असायचं. मैदानातले खडे वेचा, पाणी शिंपडा, खोखोच्या रेघा आखा. रेघ आम्ही आखायची, त्या रेघेवर पळायचे दुसरे. हुतुतूत तर आम्हाला घ्यायचेच नाहीत. हुतुतूत अंगाला हात लावावा लागतो ना! शिवलं की बाद, हा त्या खेळाचाही नियम अन् गावाचाही. मग आम्ही पाचजण महारवाड्यामागच्या ओढ्यात वाळूवर खेळायचो. पाचात दोन संघ होत नाहीत. एकजण पंच व्हायचा.

हे माझं एकट्याचं रडगाणं असतं तर लिहिलं नसतं. पण शाळा, अन्न, पाणी अन् खेळ यांचा आपल्या बाजूचा इतिहास कुणी सलग मांडलेला माझ्या वाचनात नाही. तुम्ही पोरं आता शाळाशाळांतून फिरताय, पोषण आहाराची माहिती मागताय. तुमच्या पिशवीत हा इतिहास असावा म्हणून हे लिहितोय.

सुरुवात तालमीपासून करतो. पुण्यात लहुजी वस्ताद साळव्यांची तालीम होती. मांगाचा वस्ताद, अन् दांडपट्टा, नेमबाजी शिकायला त्याच्याकडे सगळ्या जातींची पोरं यायची. जोतीराव फुले त्यातलेच. १८४८ साली जोतीराव-सावित्रीबाईंनी मुलींची शाळा काढली, पुढे महार-मांगांच्या पोरांसाठी शाळा काढल्या, तेव्हा वस्तीवस्तीतून पोरं आणायला लहुजींचा आधार झाला. मांग समाजाची मुक्ता साळवे त्याच शाळेत शिकली अन् १८५५ साली ज्ञानोदयात तिचा निबंध छापून आला. म्हणजे आपल्यात शाळा आली ती तालमीचा हात धरून आली. शरीर कमवायचं अन् अक्षरही कमवायचं, ही फाळणी आपल्या म्हाताऱ्यांनी कधी केली नव्हती. दंडातली ताकद त्यांच्याकडे होतीच. फक्त ती दुसऱ्याच्या वाड्यावरची लाकडं फोडण्यात जायची.

मग सातारा. ७ नोव्हेंबर १९०० ला भीमराव साताऱ्याच्या शाळेत दाखल झाले. बसायला घरून आणलेलं तरटाचं पटकूर, ते संध्याकाळी घरी न्यायचं, कारण शाळा झाडणारा गडीसुद्धा त्याला हात लावायचा नाही. नळाला आपण हात लावायचा नाही. शिपायानं नळ सोडला तर पाणी. शिपाई जागेवर नसला की तहान तशीच घरी न्यायची. पुढे मुंबईला एल्फिन्स्टन हायस्कुलात मास्तरांनी त्यांना फळ्यावर गणित सोडवायला बोलावलं, तर वर्गात गलका. पोरांचे डबे फळ्यामागं ठेवलेले. डबे बाटतील म्हणून पोरं धावली अन् डबे आधी बाजूला काढले, मग भीमराव फळ्यापाशी गेले. विचार करा. गणित येतंय त्या पोराला, पण वर्गाचं सगळं लक्ष डब्यात.

हा डबा बाबासाहेब विसरले नाहीत असं मला वाटतं. का? तर २० जुलै १९२४ ला बहिष्कृत हितकारिणी सभा निघाली अन् तिचं सुरुवातीचं मोठं काम काय, तर सोलापूरचं बोर्डिंग. ४ जानेवारी १९२५. हायस्कुलात शिकणाऱ्या आपल्या पोरांची राहण्या-जेवण्याची सोय. कपडे, वह्या सगळं सभेनं बघायचं. सोलापूर नगरपालिकेनं महिना ४० रुपये मदत दिली. आपण भाषणात 'शिका' एवढंच सांगतो. पण शिकायला आधी दोन वेळचं जेवण अन् निजायला छप्पर लागतं, हे बाबासाहेबांनी जमाखर्चाच्या वहीत लिहून ठेवलं. आपल्याकडं जुनी माणसं अजून 'बोर्डिंगात होतो' असं छाती काढून सांगतात, ते उगीच नाही. त्या शब्दात भाकर आहे.

अन् त्याच सभेनं मुंबईत महार हॉकी क्लब चालवला, हे किती जणांना ठाऊक आहे? वाचनालय काढलं, विद्यार्थ्यांचं मासिक काढलं अन् हॉकी क्लब पण. चाळीतली पोरं जुगार-दारूकडे वळू नयेत, मैदानावर यावीत, हा हेतू. मला हे वाचलं तेव्हा हसू आलं अन् डोळ्यात पाणी पण आलं. गिरणीतून सुटलेलं पोरगं हातात हॉकीची काठी घेऊन उभं, एवढं चित्र डोळ्यापुढं आणा. १९२७ ला समता सैनिक दल निघालं. कवायत, शिस्त, रांग. आमच्या शाळेत ज्या कवायतीच्या तासाला आम्ही खडे वेचायचो, ती कवायत आपल्या बापजाद्यांनी शाळेबाहेर, स्वतःच्या बळावर शिकून घेतली होती.

खेळाचं म्हणाल तर पळवणकर बाळूंना टाळून पुढं जाता येत नाही. चांभाराचा पोर. पुण्यात पारशांच्या क्लबात खेळपट्टी झाडायला अन् रोलर फिरवायला महिना ३ रुपयांवर. मग इंग्रजांच्या पूना क्लबात ४ रुपये. तिथं गोऱ्या साहेबांना सरावासाठी तासन्‌तास चेंडू टाकून टाकून गोलंदाज झाला. शाळेच्या मैदानानं घडवला नाही त्याला. दुसऱ्याचं मैदान झाडता झाडता तो घडला. हिंदूंच्या संघाला जिंकायला बाळू पाहिजे होता, पण चहाच्या वेळी त्याला बाहेर, मातीच्या भांड्यात चहा, अन् जेवायला वेगळं ताट. चेंडू त्याच्या हातचा चालतो, कप चालत नाही! १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात या माणसानं ११४ बळी घेतले. तरी हिंदू संघाचं कप्तानपद त्याला कधी दिलं नाही. ते १९२३ ला त्याचा धाकटा भाऊ विठ्ठल यानं मिळवलं. आता तुमच्यातला कुणीतरी म्हणणार, बाळू १९३७ च्या निवडणुकीत बाबासाहेबांच्या विरोधात उभे होते. होते. हरले. ते राजकारण ते राजकारण. त्यापायी ११४ बळी पुसायचे नाहीत.

आता एक नाजूक गोष्ट. मार्च १९२७, महाड. २० तारखेला आपण चवदार तळ्याचं पाणी प्यालो, हे पोरासोरांना पाठ आहे. त्याच परिषदेत मेलेल्या ढोराचं मांस सोडायचं ठरलं. गावोगाव आपल्या माणसांनी ते सोडलं. मार खाल्ला, बहिष्कार सोसला, पण ढोर ओढलं नाही. माझी आजी सांगायची, आढ्याला चान्या वाळत टांगलेल्या असायच्या, पावसाळ्याचे चार महिने त्यावर निघायचे. त्या उतरवल्या अन् नदीत टाकल्या. बरोबर केलं. त्यात तिळमात्र शंका नाही. पण आजी पुढं एक वाक्य बोलायची, ते मी आजवर कुठं लिहिलं नव्हतं. 'चान्या गेल्या, पर त्या जागी डाळ कोन देनार व्हतं?' इज्जतीसाठी आपण ताटातलं होतं नव्हतं ते सोडलं, अन् गावानं त्या ताटात काही वाढलं नाही. डाळ सावकाराच्या घरात, दूध पाटलाच्या गोठ्यात. शाळेत जाणारं पोर कोरड्या भाकरीवर शाळेत गेलं. आता कुणी आपल्या पोरांचे दंड मोजून 'कुपोषण' असा शेरा मारतो, तेव्हा त्याला ही नदीत टाकलेली चान्यांची जुडी दिसत नाही.

शाळेतच अन्न शिजवून वाढायचं, ही गोष्ट आपल्या देशात मद्रासकडून आली, म्हणून जरा तिकडं जाऊ. १९२० साली मद्रास महापालिकेनं, त्यागराय चेट्टींच्या काळात, थाउजंड लाइट्स भागातल्या आपल्या शाळेत पोरांना न्याहारी द्यायचं ठरवलं. दर पोरामागं रोज एक आण्याच्या आत. ते जस्टिस पार्टीचे लोक, ब्राह्मणेतर चळवळीचे. त्याच मुलखात थोड्याच वर्षांत दुसरी गोष्ट घडली. तिरुनेलवेलीकडे चेरनमहादेवी गावात व्ही. व्ही. एस. अय्यर यांचं गुरुकुल होतं. काँग्रेसच्या पैशाची मदत, देशभक्तीचं शिक्षण, अन् जेवायला ब्राह्मण पोरांची पंगत वेगळी. १९२४-२५ मध्ये पेरियार अन् वरदराजुलू नायडू यांनी त्यावर रान उठवलं. अय्यरांना गुरुकुल सोडावं लागलं. १९२५ संपायच्या आत पेरियारांनी काँग्रेस सोडली. एका शाळेच्या पंगतीवरून केवढं राजकारण फिरलं बघा! पुढे १९५६ ला कामराजांनी शाळेत दुपारचं जेवण राज्यभर नेलं, १९८२ ला एम. जी. रामचंद्रन यांनी ते आणखी वाढवलं. १९८९ पासून तिथं ताटात अंडं आलं, अन् पुढे ते आठवड्यातून पाच दिवसांवर गेलं.

आपल्याकडे काय? १५ ऑगस्ट १९९५ ला केंद्राची योजना आली, पण बहुतेक ठिकाणी महिन्याला तीन किलो कोरडं धान्य. शिजवलेलं अन्न मिळालं ते सुप्रीम कोर्टाच्या २८ नोव्हेंबर २००१ च्या आदेशानं. अन् २० एप्रिल २००४ चा दुसरा आदेश, ही तारीख लिहून घ्या: स्वयंपाकी अन् मदतनीस नेमताना दलित, अनुसूचित जाती-जमातींना प्राधान्य द्यायचं. कोर्टाला हे सांगावं लागलं यातच सगळं आलं. अन् आदेशानं हात शुद्ध होत नाहीत. डिसेंबर २०२१ मध्ये उत्तराखंडात चंपावत जिल्ह्यातल्या एका शाळेत सवर्ण पोरांनी दलित बाईच्या हातचं जेवायला नकार दिला. बाईला काढलं. मग आपल्या पोरांनी दुसऱ्या बाईच्या हातचं जेवण नाकारलं. मला त्या पोरांचं कौतुक वाटतं अन् काळजीही वाटते. उपाशी राहून लढायची पाळी सातवी-आठवीच्या पोरांवर यावी!

आता अंड्याकडे येतो. नोव्हेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्र सरकारनं आठवड्यातून एकदा अंडं द्यायचं ठरवलं. जे खात नाहीत त्यांना केळं. कुणावर जबरदस्ती नव्हती. तरी ओरड झाली, शाळा बाटल्या म्हणून. जानेवारी २०२५ ला सरकारनं अंड्याचे पैसे बंद केले. द्यायचं तर लोकवर्गणीतून द्या म्हणाले. एका अंड्यात सहाएक ग्रॅम प्रथिनं असतात. मजुराच्या घरात ती दुसरीकडून येत नाहीत. लोकवर्गणी कोण देणार? ज्यांना अंडं चालत नाही ते? भिंतीवरच्या तक्त्यात दुधाचा पेला आहे, अंडं नाही, हे मी मुद्दाम बघितलं. तुम्ही पण आपापल्या शाळेत बघा.

गेल्या महिन्यात दोन कार्यकर्त्यांबरोबर एका जिल्हा परिषदेच्या शाळेत गेलो. गावाचं नाव लिहीत नाही, कारण पुढं कळेल. पोरं ओट्यावर ओळीनं बसली होती. ओळ सरळ, सगळे एकत्र. मला बरं वाटलं, माझ्या पाटीची आठवण जरा मागं सरली. खिचडी गरम होती. मैदान पण होतं. कायद्यानं आता शाळेला मैदान अन् खेळाचं साहित्य लागतं. एका कोपऱ्यात गावातल्या कुणाची तरी वाळू पडली होती.

स्वयंपाकाला बाया दोन. एक गावातली, एक आपल्या वस्तीतली विधवा. वाढत होती गावातली. आपली मावशी मागं बसून पातेली घासत होती. मी विचारलं, मावशी, वाढायला तुम्ही का नाही? ती म्हणाली, 'तांदूळ निवडते, भांडी घासते, सरपन बघते. वाढायचं तिच्याकडं दिलंय.' कुणी दिलं? 'तसंच हाय पैल्यापासनं.' मानधन दोघींना सारखंच. केंद्राचं महिना १००० रुपये, २००९ पासून तेवढंच, वर्षातले दहाच महिने. राज्य वरून जे घालेल ते वेगळं.

आम्ही तिथंच अर्ज लिहायला घेतला. शाळा व्यवस्थापन समितीच्या नावानं, २० एप्रिल २००४ चा आदेश जोडून, दोघी बायांनी आळीपाळीनं वाढावं म्हणून. मावशी हात पुसत आली. अर्ज वाचून दाखवा म्हणाली. वाचला. मग म्हणाली, 'माझं नाव नगा घालू भाऊ. पोरगी याच शाळंत हाय, सातवीत. कबड्डीच्या संघात घेतलंय तिला औंदा. तालुक्याला जायचंय तिला पुढच्या आठवड्यात. तिचं खेळून होऊ द्या, मग घाला.'

अर्ज माझ्याकडं आहे. तारखेची जागा कोरी ठेवलीय.