स्क्रब टायफस : गवतातील परजीवी आणि पावसाळ्यातील ताप

ऑगस्ट-सप्टेंबर 2018 मध्ये नागपूरसह विदर्भाच्या काही भागांत स्क्रब टायफसचे रुग्ण मोठ्या संख्येने आढळले आणि त्यांपैकी काहींचा मृत्यू झाला. शेजारच्या छत्तीसगडमध्येही या रोगाची नोंद झाली आहे. वेळीच निदान झाल्यास साध्या गोळ्यांनी बरा होणारा हा ताप उपचारांस विलंब झाल्यास प्राणघातक ठरतो.

प्रसार कसा होतो?

'ओरिएन्शिया त्सुत्सुगामुशी' या जिवाणूमुळे हा रोग होतो. माइट या गोचिडाच्या कुळातील सूक्ष्म जीवाच्या अळ्या त्याचा प्रसार करतात. 'चिगर' या नावाने ओळखली जाणारी ही अळी सुमारे 0.2 मिलिमीटर लांबीची असून नुसत्या डोळ्यांना सहसा दिसत नाही. उंदीर, घुशी, चिचुंदऱ्या आणि जमिनीवर वावरणारे पक्षी यांच्या अंगावर ती पोसली जाते. चिगरच्या अनेक जाती सरडे, पाली आणि सापांच्या खवल्यांखालीही आढळतात. गवतातून जाणारा माणूस तिच्या तावडीत केवळ योगायोगाने सापडतो.

रोगाचे भांडार

या रोगाचे मुख्य भांडार उंदीर नसून माइट स्वतःच आहे. अळी आयुष्यात साधारणपणे एकदाच प्राण्याला चावते. प्रौढ माइट जमिनीत स्वतंत्रपणे जगतो. बाधित मादीच्या अंड्यांतून जिवाणू पुढील पिढीत उतरतो. त्यामुळे उंदीर मारले तरी जमिनीतील संसर्ग लगेच संपत नाही.

लक्षणे व उपचार

चाव्यानंतर 6 ते 21 दिवसांत तीव्र ताप, डोकेदुखी व अंगदुखी सुरू होते. काख, जांघ किंवा कंबरेवर सिगारेटच्या चटक्यासारखी, न दुखणारी काळी खपली ही महत्त्वाची खूण होय. मात्र ती प्रत्येक रुग्णात आढळत नाही. डेंग्यू, मलेरिया आणि लेप्टोस्पायरोसिस हे ताप याच काळात पसरत असल्याने निदान चुकण्याचा धोका असतो. पेनिसिलिन गटातील औषधे या जिवाणूवर निष्प्रभ ठरतात. डॉक्सिसायक्लिन किंवा अझिथ्रोमायसिन मात्र गुणकारी आहे. गंभीर रुग्णांना ही दोन्ही औषधे शिरेवाटे एकत्र दिल्यास अधिक लाभ होतो, असे भारतातील रुग्णालयांत झालेल्या आणि 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दिसून आले.

प्रतिबंध

या रोगावर लस उपलब्ध नाही. हा रोग माणसाकडून माणसाला होत नाही. शेतात काम करताना पूर्ण बाह्यांचे कपडे व बूट वापरावेत, गवतावर बसणे किंवा झुडपांवर कपडे वाळत घालणे टाळावे आणि घरी परतल्यावर स्नान करून कपडे धुवावेत. घराभोवतीचे गवत व झुडपे काढावीत. पावसाळ्यात किंवा त्यानंतर ताप आल्यास शेतात अथवा रानात गेल्याची माहिती डॉक्टरांना आवर्जून द्यावी आणि अंगावर काळी खपली आहे का, हे तपासून घ्यावे.