मुखकर्करोगातील लसीका ग्रंथींचा रंजकशोध

जीभ, गालाची आतली बाजू किंवा तोंडाचा तळ येथील कर्करोगाच्या पेशी मानेतील ज्या लसीका ग्रंथीत सर्वप्रथम पोचण्याचा संभव असतो ती (सेंटिनेल ग्रंथी) रंजक टोचून ओळखण्याची पद्धती. हाताला किंवा सोनोग्राफीत काही न सापडणाऱ्या मानेतही साधारण २० ते ३० टक्के रुग्णांत सूक्ष्म प्रसार झालेला असतो. उरलेल्यांची मानेची शस्त्रक्रिया व तिच्यामागून येणारे खांद्याचे दुखणे टळावे, हा हेतू.

डोनल्ड मॉर्टन यांनी १९९२ मध्ये त्वचेच्या मेलानोमासाठी निळ्या रंजकाची पद्धती प्रसिद्ध केली. मानेत ती नंतर आली.

पेटंट ब्लू, आयसोसल्फान ब्लू व मेथिलीन ब्लू ही प्रचलित रंजके. शेवटचे स्वस्त व सहज मिळणारे. भूल दिल्यावर अर्बुदाच्या कडेने श्लेष्मकलेखाली रंजक टोचतात. काही मिनिटांत लसीकावाहिन्या निळ्या होतात आणि त्यांचा माग काढत ग्रंथीपर्यंत जाता येते. उशीर झाल्यास रंजक पुढच्या ग्रंथींत उतरते. तोंडात आणखी एक अडचण असते: अर्बुदाची कडाच रंगल्याने ते कोठवर कापावे हे नीट दिसत नाही. ग्रंथी कर्कपेशींनी पूर्ण भरली असेल, तर लसीका वाट बदलते व भलतीच ग्रंथी रंगते; म्हणून गाठ हाताला लागणाऱ्या मानेत ही पद्धती वापरत नाहीत. एकट्या रंजकावर विसंबणे मानेत धोक्याचे ठरते. किरणोत्सारी टेक्नेशियम–९९एम व गॅमा शोधक यांची जोड बहुधा दिली जाते. मात्र तोंडाच्या तळाच्या कर्करोगात टोचल्या जागेचा किरणोत्सर्ग शेजारची ग्रंथी झाकून टाकतो. तेथे रंग कामी येतो.

इंडोसायनिन ग्रीन हे रंजक अवरक्त प्रकाशात चमकते, पण जाड स्नायूखालची ग्रंथी त्वचेवरून दिसत नाही.

निळ्या रंजकांनी क्वचित तीव्र ॲलर्जी होते; पल्स ऑक्सिमीटर ऑक्सिजन खोटा कमी दाखवतो. जी६पीडी न्यूनता असणाऱ्यांत व काही नैराश्यरोधक औषधे घेणाऱ्यांत मेथिलीन ब्लू टाळतात.

काढलेल्या ग्रंथीचे पातळ, क्रमवार छेद घेऊन केराटिन-रंजनाने तपासणी करतात. शस्त्रक्रिया चालू असताना गोठवून केलेल्या तपासणीत २ मिमी.हून लहान प्रसार निसटू शकतो.

मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाच्या २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत मानेच्या ग्रंथी आधीच काढल्यास तीन वर्षे जगण्याचे प्रमाण ८० टक्के, गाठ दिसेपर्यंत वाट पाहिल्यास ६७.५ टक्के आढळले. ही चाचणी रंजकाची नव्हे, परंतु रंजकशोधाची तुलना आधीच ग्रंथी काढण्याशी करावी लागते ती त्यामुळेच. फ्रान्स (२०२०) व जपान (२०२१) येथील चाचण्यांत सेंटिनेल पद्धती त्या तुलनेत उणी ठरली नाही. तेथे मुख्य भिस्त किरणोत्सारी द्रव्यावर होती.