निहाली

सातपुड्याच्या दक्षिण अंगाला, महाराष्ट्र–मध्य प्रदेश सीमेलगत बोलली जाणारी, कोणत्याही ज्ञात भाषाकुळात न बसणारी भाषा. तिला नहाली असेही म्हणतात. मुख्य वस्ती बुलढाणा जिल्ह्यातील जळगाव जामोद तालुक्यात. भाषकांची संख्या दोन-अडीच हजारांच्या आसपास धरली जाते. निहाल समाजातील सगळेच ती बोलतात असे नाही. पुष्कळ कुटुंबे कोरकू (शेजारच्या कोरकू जमातीची मुंडा भाषा), मराठी किंवा हिंदीकडे वळली आहेत. युनेस्कोने तिची गणना अतिसंकटग्रस्त भाषांत केली आहे.

ग्रियर्सनच्या भारतीय भाषा-सर्वेक्षणाच्या चौथ्या खंडात (1906) स्टेन कोनो यांनी तिची नोंद मुंडा भाषांबरोबर केली. ती सरमिसळ भाषा आहे, हे त्यांनाही दिसले होते. डच अभ्यासक कायपर यांनी 1962 मध्ये तिच्या शब्दसंग्रहाची छाननी केली, तेव्हा कोरकू, द्राविडी आणि आर्य शब्द वगळूनही सुमारे एक चतुर्थांश शब्द उरले. त्यांचे नाते कुठेच जुळेना. कोरकूत पाण्याला ‘दा’ म्हणतात, निहालीत ‘जोप्पो’. उलट इरार (दोन), मोठो (तीन), नालो (चार) हे आकडे उघड द्राविडी वळणाचे. निहाली ही मुद्दाम घडवलेली गुप्त बोली असावी, अशीही शक्यता कायपर यांनी मांडली. पण पाण्यासारख्या रोजच्या शब्दांचा हा उरलेला साठा पाहता तेवढ्यावर तिची वासलात लावणे घाईचे होईल.

निहालांजवळ लिपी, ग्रंथ, शिलालेख यांपैकी काही नाही. कोरकू, द्राविडी व आर्य भाषकांशी त्यांचा संबंध कसा आला आणि त्याआधी ते कोण होते, याचा मुख्य पुरावा ही भाषाच आहे. ती गेली तर हा इतिहास दुसरीकडून उभा करता येणार नाही.

पिढ्यान्‌पिढ्या कोरकूंच्या सहवासात आणि इतरांच्या शेतांवर मजुरी करत राहिल्यामुळे निहाल बहुभाषिक झाले. घराबाहेर निहालीचा उपयोग नाही. शाळा मराठी. सरकारदरबारीही त्यांना स्वतंत्र जागा नाही: महाराष्ट्राच्या अनुसूचित जमातींच्या यादीत ‘निहाल’ हे नाव कोरकूंच्याच नोंदीत येते, आणि दहा हजारांहून कमी भाषक असलेल्या भाषा जनगणना 1971 पासून वेगळ्या दाखवत नाही. के. एस. नागराज यांचे निहालीचे व्याकरण, संहिता व शब्दसंग्रह असलेले पुस्तक मात्र म्हैसूरच्या भारतीय भाषा संस्थेने 2014 मध्ये प्रसिद्ध केले. ते इंग्रजीत आहे.