आखाती देशांत नोकरीला जाताय? पैसे देण्यापूर्वी हे तपासा

दुबई, सौदी, कतारला जाण्यासाठी दागिने गहाण ठेवणारी, व्याजाने पैसे काढणारी कुटुंबे वस्तीत काम करताना नेहमी भेटतात. कष्टाची तयारी असते, पण कागद अपुरे असतात. फसवणूक नेमकी तिथेच होते.

१. पासपोर्ट पाहा : दहावी उत्तीर्ण नसलेल्यांचा पासपोर्ट बहुधा 'ईसीआर' प्रकारचा असतो. अशा व्यक्तीला नोकरीसाठी आखाती देशांसह ठरावीक देशांत जाताना उत्प्रवासी संरक्षक कार्यालयाची मंजुरी लागते. हे कार्यालय मुंबईत आहे. 'व्हिजिट व्हिसावर जा, तिथे बदलून देतो' असे सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. त्या व्हिसावर काम करणे बेकायदा ठरते आणि पगार बुडाला तरी तक्रार करणे अवघड होते.

२. एजंटची नोंदणी : उत्प्रवासन कायदा, १९८३ नुसार परदेशी कामासाठी भरती करणाऱ्या एजंटला नोंदणी बंधनकारक आहे. त्याचे नाव सरकारच्या 'ईमायग्रेट' संकेतस्थळावर शोधा. नोंदणी चालू आहे की निलंबित, तेही तिथे कळते. ओळखीचा, नात्यातला असला तरी तपासाच.

३. फी : एजंटला जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावरील जीएसटी एवढेच घेता येतात. पैसे बँकेतून द्या, पावती घ्या.

४. करारपत्र : मूळ पगार, कामाचे तास, ओव्हरटाइम, राहणे-जेवण, सुट्टी आणि परतीचे तिकीट यांचा उल्लेख हवा. तिथे पोहोचल्यावर कमी पगाराचा दुसरा करार पुढे केला जातो. म्हणून इथल्या कराराची एक प्रत घरी ठेवा, एक मोबाइलमध्ये.

५. विमा : प्रवासी भारतीय विमा योजनेत अपघाती मृत्यू किंवा कायमच्या अपंगत्वासाठी १० लाखांचे संरक्षण आहे. हप्ता दोन वर्षांसाठी २७५ आणि तीन वर्षांसाठी ३७५ रुपये. ईसीआर कामगारांना तो सक्तीचा आहे.

६. अडचण आल्यास : सौदी, कतार, अमिरातीत मालकाने पासपोर्ट ताब्यात ठेवणे कायद्याला धरून नाही. भारतीय दूतावासाशी संपर्क साधा. घरचे लोक 'मदद' पोर्टलवर तक्रार नोंदवू शकतात. अडकलेल्यांच्या निवाऱ्यासाठी, परतीच्या तिकिटासाठी दूतावासाकडे कल्याण निधी असतो.

कार्यकर्त्यांना एक विनंती : वस्तीतून कोणी निघणार असेल, तर निरोप समारंभाआधी त्याची कागदपत्रे एकदा वाचून पाहा.