परीक्षेच्या दिवसांत रायगड किनाऱ्यावरचा उकाडा: विद्यार्थ्यांनी तब्येत कशी सांभाळावी?

फेब्रुवारी २०२५ चा शेवटचा आठवडा. बारावीची परीक्षा अर्ध्यावर आली होती, दहावीची नुकतीच सुरू झाली होती. त्याच वेळी हवामान विभागाने मुंबई, ठाणे, रायगड आणि रत्नागिरीसाठी उष्णतेच्या लाटेचा इशारा दिला. कॅलेंडरवर हिवाळा संपलाही नव्हता.

उरण, अलिबाग, मुरूड, श्रीवर्धन या पट्ट्यातल्या मुलांसाठी परीक्षेची तयारी म्हणजे अभ्यास आणि उकाडा, दोन्हींची तयारी असते.

किनाऱ्यावर ऊन जास्त का बाधतं?

घाम वाळतो तेव्हा शरीर थंड होतं. किनाऱ्यावर हवेत बाष्प जास्त असल्याने घाम लवकर वाळत नाही आणि शरीरातली उष्णता आतच राहते. म्हणून हवामान विभागाचे निकषही वेगळे आहेत. कमाल तापमान मैदानी भागात ४० अंशांवर गेलं तर लाटेचा विचार होतो, किनारपट्टीवर मात्र ३७ अंशांपासून. त्यासोबत ते सरासरीपेक्षा किमान ४.५ अंशांनी जास्त असावं लागतं.

दुसरं कारण वाऱ्याचं. एरवी दिवस चढला की समुद्रावरून गार वारा सुटतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये पूर्वेकडून येणाऱ्या वाऱ्यांचा जोर असला की तो उशिरा पोहोचतो. सकाळच्या सत्राचा पेपर ११ वाजता सुरू होतो, म्हणजे नेमक्या याच वेळेत.

हा धोका किती खरा आहे, हे रायगड जिल्ह्याने १६ एप्रिल २०२३ रोजी पाहिलं. खारघरला भर उन्हात झालेल्या कार्यक्रमानंतर उष्माघाताने दहाहून अधिक लोकांचा जीव गेला.

पाणी कमी पिण्याची चूक

पेपर सुरू असताना लघवीला जावं लागेल म्हणून काही विद्यार्थी, विशेषतः मुली, सकाळपासून पाणीच पीत नाहीत. शरीरातलं पाणी थोडं कमी झालं तरी डोकं दुखतं, लक्ष लागत नाही. उठल्यापासून थोडं थोडं पाणी प्या. केंद्रावर जाण्याआधी एकदा लघवीला जाऊन या. लघवी गडद पिवळी दिसली तर पाणी कमी पडतंय, असं समजा.

ताक, कोकम सरबत, शहाळ्याचं पाणी हे घरगुती पर्याय चांगले. जुलाब-उलट्या झाल्या तर ओआरएस घ्या. पाकीट नसेल तर १ लिटर स्वच्छ पाण्यात ६ सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ विरघळवा. चमचा चहाचा घ्या.

पेपरच्या दिवशी काय खावं?

उपाशी जाऊ नका. मऊ भात, पेज, तांदळाची भाकरी-भाजी, पोहे असं रोजच्या सवयीचं खा. उकाड्यात अन्न लवकर खराब होतं. रात्रभर बाहेर राहिलेलं मासळीचं कालवण सकाळी खाऊ नका. उघड्यावरचा बर्फाचा गोळा आणि सरबतं परीक्षा संपेपर्यंत टाळा.

जागरणाचा फायदा होतो का?

दिवसभर वाचलेलं मेंदूत पक्कं होतं ते झोपेत. १३ ते १८ वर्षांच्या मुलांना ८ ते १० तास झोप लागते. चहा-कॉफीतलं कॅफीन निम्मं उतरायलाच साधारण ५ तास जातात, म्हणून संध्याकाळनंतर ती नको. रात्री उकडत असेल तर झोपण्याआधी अंघोळ करा, खिडक्या उघड्या ठेवा. डासांसाठी मच्छरदाणी लावा.

ही लक्षणं दिसली तर थांबू नका

चक्कर, मळमळ, पायात गोळे, खूप थकवा जाणवला तर लगेच पर्यवेक्षकांना सांगा, सावलीत बसा, पाणी प्या. अंग खूप तापलं असेल, बोलणं असंबद्ध होत असेल किंवा शुद्ध हरपत असेल तर तो उष्माघात असू शकतो. १०८ वर रुग्णवाहिका बोलवा आणि ती येईपर्यंत अंगावर पाणी ओतून वारा घाला. बेशुद्ध माणसाला पाणी पाजू नका.

पोटात सतत गोळा येणं, झोप उडणं, रडू येणं हेही तब्येतीचंच दुखणं आहे. घरी बोला. ते जमत नसेल तर टेलिमानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास सुरू असतो आणि तिथे मराठीतही बोलता येतं.